क्लिक घटले म्हणजे लेख पडला असं नाही

'क्लिक कमी झाले की लेख लगेच नव्याने लिहा' हा ब्लॉग लिहिणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. आधी सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) लेखाचं सरासरी स्थान, म्हणजे शोधाच्या निकालांत तो साधारण कितव्या क्रमांकावर येतो, ते बघा. ते जागेवर असेल आणि फक्त इम्प्रेशन (लेख निकालांत किती वेळा दिसला तो आकडा) उतरले असतील, तर बहुधा लोकांनी शोधणंच कमी केलंय. लेखाला हात लावू नका. मी नाशिकहून आसपासच्या किल्ल्यांवर लिहितो. हरिहर, अंजनेरीचे शोध पावसाळ्यात चढतात, उन्हाळ्यात बसतात. त्यामुळे तुलना गेल्या महिन्याशी नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करायची.

आणि आणखी एक: सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचाच डेटा राहतो. दर महिन्याला तो शीटमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर तीन पावसाळे शेजारी ठेवून कधीच बघता येणार नाहीत.