केनियाला ५ दिवस, सोबत सत्तरी ओलांडलेले बाबा: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर आईबाबांना घेऊन केनियाला जायचंय. बाबा ७१ वर्षांचे, ताडोबाच्या कित्येक वाऱ्या झाल्यात, पण मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (हरणासारख्या मोठ्या प्राण्यांचे) कळप एकदा डोळ्यांनी बघायचेत हा त्यांचा ध्यास. म्हणून अंबोसेली राष्ट्रीय उद्यान सोडून ३ रात्री मसाई मारा अभयारण्यातच काढाव्यात असं वाटतं. नैरोबीहून गाडीने ५-६ तास त्यांच्या कंबरेला झेपतील, की विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्यावं?

खरी काळजी पिवळ्या तापाच्या लशीची आहे. परतताना भारतात दाखला लागतो, तो लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो, आणि साठीनंतर या लशीचा धोका थोडा वाढतो. कुणी एवढ्या वयाच्या माणसांना लस देऊन नेलंय का? डॉक्टरांनी आधी काय काय तपासलं?