वाळूतून निघाल्यावर टायर भरायला सीओटूची टाकी: नागपूरच्या उन्हात चालेल का?

थारवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. गाडी थार, टायर २५५/६५ आर १८. नदीपात्रातल्या वाळूसाठी टायर १८ पीएसआयवर उतरवतो आणि डांबरीवर चढण्याआधी परत ३२ करतो. सध्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आहे. तो दुसऱ्या टायरलाच तापून बंद पडतो आणि मागच्या गाड्या खोळंबतात. म्हणून सीओटूची टाकी घ्यायचा विचार आहे. जाणकारांनी एवढं सांगावं:

४.५ किलोच्या टाकीत किती टायर भरतात? ऑफिसमधून निघालेला सीओटूचा अग्निशामक मिळतोय, त्याचीच टाकी वापरली तर? वेल्डिंगवाल्याचं रेग्युलेटर लावता येईल का? आणि मुख्य म्हणजे मे महिन्यात ही टाकी गाडीत ठेवायची की नाही?

काळीमाती_४बाय४

भाऊ, आधी हिशोब बघा, मग टाकीचा आकार ठरवा.

तुमच्या टायरच्या आत साधारण ६० लिटर जागा आहे. १८ वरून ३२ म्हणजे १४ पीएसआय, जवळपास ०.९७ बार. म्हणजे एका टायरला बाहेरच्या दाबाने मोजलेला ५८ लिटर वायू लागतो. तिशीच्या तापमानाला सीओटूचं वजन लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा टायरमागे १०० ग्रॅम आणि चार टायरचे ४०० ग्रॅम धरा. कागदावर ४.५ किलोत अकरा वेळा चारही टायर भरतात. होज जोडता-काढताना जाणारा गॅस आणि शेवटी टाकीत उरणारा गॅस वजा केला तर आठ-नऊ वेळा नक्की. मारुती जिम्नीचं टायर लहान, आत ४० लिटरच्या आत जागा, तिथे टायरला ६५-७० ग्रॅम पुरतात. दोन-तीन गाड्यांच्या ग्रुपला दिवसभरासाठी २ किलोची टाकीही पुष्कळ झाली.

आता रेग्युलेटरवरच्या टाकीच्या गेजचं. नवीन माणूस इथेच फसतो. टाकीत द्रव शिल्लक आहे तोवर काटा गॅस किती उरला ते सांगतच नाही, तो फक्त तापमान सांगतो: २० अंशांना ५७ बार, ३० अंशांना ७२ बार, मग टाकी अर्धी असो की पाऊण. द्रव संपला की काटा भराभर पडतो. ३१ अंशांच्या वर तर सीओटूचा द्रव राहतच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात काटा पहिल्या टायरपासूनच हळूहळू उतरायला लागतो आणि टाकी संपत आली असं वाटतं. तसं नसतं. गॅस मोजायचा तो वजनावर. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या खांद्यावर कोरलेलं असतं. लटकवायचा डिजिटल काटा घ्या, निघायच्या आदल्या रात्री टाकी तोला, कोरलेला आकडा वजा करा. रेग्युलेटर काढून तोलायचं, नाहीतर किलोभराचा घोळ होतो.

जाता जाता एक: हवा उतरवण्याचा खरा फायदा वाळूत आणि दगडांत. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर टायरच्या खाचा लिंपून जातात, तिथे १८ काय आणि २५ काय, फारसा फरक पडत नाही. त्या दिवशी उगाच चारही टायर उतरवून गॅस घालवू नका.

गॅसलाईन_कामठीरोड

अग्निशामकाची टाकी वापरू नका जी. त्याच्या व्हॉल्व्हखाली तळापर्यंत गेलेली नळी असते. आग विझवताना द्रवच बाहेर यायला हवा म्हणून ती दिलेली असते. तुम्हाला पाहिजे वरचा वायू. तो द्रव रेग्युलेटरमध्ये शिरला की दाब पडताच त्याचा उणे ७८ अंशांचा बर्फ होतो. तो आतल्या सीटवर (झडप टेकते त्या जागी) बसला की झडप बंद होत नाही आणि होजमधला दाब चढत जातो. बर्फाचा खडा सुटून नळीत अडकला की होज पिस्तुलासारखी उडते. टाकी उलटी करून वायू काढायचा जुगाडही काही जण सांगतात, तोही नको: व्हॉल्व्ह जमिनीकडे, होज टाकीखाली, आणि टाकी पडली तर सगळा भार व्हॉल्व्हच्या मानेवर. नळी काढून, व्हॉल्व्ह बदलून ती टाकी वापरणं हे घरचं काम नाही, आणि तशी छेडछाड केलेली टाकी कोणताही धड फिलर भरून देणार नाही.

साधी बिननळीची टाकीसुद्धा उभीच वापरायची. आडवी केली की तीच गत.

वेल्डिंगच्या रेग्युलेटरचं असं आहे, की त्यावर जे काचेचं फ्लोमीटर असतं ते मिनिटाला २५ लिटरच्या आसपास सोडतं. वर काळीमाती भाऊंनी ५८ लिटर सांगितले, म्हणजे टायरला सव्वादोन मिनिटं. इतक्यात बरा कंप्रेसरही भरतो, मग टाकी कशाला वाहायची? शिवाय शॉपमध्ये त्या रेग्युलेटरला हीटर लावलेला असतो, तो रानात चालणार नाही. तुम्हाला हवं ते प्रेशर रेग्युलेटर, फ्लोमीटरशिवाय, सीओटूसाठीच बनलेलं, होजमध्ये सोडायचा दाब ८ बारपर्यंत सेट होणारं आणि मोठ्या प्रवाहाचं. बाहेरच्या बाजूला १० बारला उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. वर सांगितलेला बर्फाचा प्रकार झाला तर तोच वाचवतो.

होज रबरी घ्या, २० बारची, आतून ८ मिलिमीटर. पीयूची (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) गुंडाळी होज थंडीत कडक होते आणि क्लिपजवळ तडकते. चक, म्हणजे टायरच्या व्हॉल्व्हवर बसणारं होजचं टोक, क्लिपवाला घ्या, म्हणजे हात मोकळे राहतात.

ऑनलाईन दिसणारी अमेरिकन आट्यांची रेग्युलेटरं आपल्या व्हॉल्व्हवर बसत नाहीत. टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवायचा प्रयत्न करू नका. इथे आट्या गळती थांबवत नाहीत, ते काम मधला चपटा वॉशर करतो. तो नायलॉनचा वॉशर दर काही वेळा बदला, खिशात दोन जास्तीचे ठेवा. स्पॅनरने आवळून फुसफुस थांबत नसेल तर वॉशरच गेलेला असतो, अजून आवळून उपयोग नाही.

कागदाचं: टाकी पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, केंद्र सरकारची) मान्यता असलेलीच घ्या. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे आणि गॅस सिलिंडर नियम, २०१६ तेच राबवतात. सीओटूच्या टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी दर पाच वर्षांनी लागते आणि तारीख टाकीवर कोरलेली असते. मुदत उलटली असेल तर फिलर परत पाठवेल, आणि त्याचं बरोबरच आहे. बाहेर देशातून आणलेल्या टाकीची इथे हीच अडचण होते. भरायला हिंगणा एमआयडीसीकडे किंवा बुटीबोरीकडे औद्योगिक गॅसवाल्यांना विचारा, लहान टाकी भरतात का ते आधी फोन करून. काही जण फक्त मोठी टाकी बदलून देतात.

उन्हाळी_फोरव्हील

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

सीओटू भरताना टाकीत पाणी भरून मोजलेल्या दर लिटर जागेला साधारण दोन तृतीयांश किलो भरतात. म्हणजे ४.५ किलोच्या टाकीत आत पावणेसात लिटर जागा. अशी पूर्ण भरलेली टाकी २७-२८ अंशांनाच आतून काठोकाठ होते, वायूला वर जागाच उरत नाही. पुढे तापमान चढलं की दाब सरळ चढतो. ४५ अंशांना सुमारे १२० बार, ६५ अंशांना १९० च्या घरात. मे महिन्यात वर्धा रोडवर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत ६० अंश सहज होतात. टाकी चाचणी झालेली आणि योग्य भरलेली असेल तर फुटत नाही. पण फिलरने वजनावर न भरता अंदाजाने दोन-तीनशे ग्रॅम जास्त घातले असतील तर व्हॉल्व्हवरची सुरक्षा चकती फुटते आणि सगळा गॅस काही क्षणांत गाडीत.

तो किती होतो बघा. ४.५ किलो म्हणजे अडीच हजार लिटर. गाडीच्या आतली हवा तीन-साडेतीन हजार लिटर. एवढा गॅस लागतही नाही. केबिनमध्ये नुसता ३०० ग्रॅम गळला तरी हवेत पाच टक्के सीओटू होतो. धाप लागते, डोकं जड होतं, आणि दहा टक्क्यांच्या पुढे काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. वास नाही, रंग नाही. एसी रिसर्क्युलेशनवर असेल तर अजून वाईट. म्हणून टाकी केबिनमध्ये असेल तर काच दोन बोटं उघडी, व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढलेला, आणि गाडी उभी करून जाताना टाकी सावलीत उतरवलेली. बंजी दोरीने बांधू नका. उभी, दोन धातूच्या पट्ट्यांनी, चॅसिसला जाणाऱ्या बोल्टवर. भरलेली स्टीलची टाकी चौदा-पंधरा किलोंची असते, ब्रेक दाबल्यावर ती पुढच्या सीटवर येते.

उन्हाळ्यात माझा आग्रह असा: ४.५ ची टाकी असली तरी तीन किलोच भरून घ्या. दाब बराच खाली राहतो आणि वर जागा राहिल्यामुळे पहिल्या टायरला दाट गॅस येऊन रेग्युलेटर गोठत नाही.

की मग नायट्रोजन घ्या. १० लिटरची टाकी, १५० बार, म्हणजे दीड हजार लिटर. चार टायरला २३२ लिटर, तेव्हा सहा वेळा. सीओटूपेक्षा कमी, पण गोठणं नाही, आडवी ठेवली तरी चालते, गेजवर उरलेला गॅस सरळ दिसतो, आणि ६५ अंशांना दाब १५० चा १७० होतो, बस. नागपूरच्या मे-जूनसाठी मी नायट्रोजनच सांगेन. रेग्युलेटर मात्र नायट्रोजनचंच, सीओटूचं तिथे चालत नाही. केबिनमधल्या गळतीची काळजी इथेही तीच. आणि ऑक्सिजनची टाकी कितीही हाताशी असली तरी टायरला कधीही नाही. तेल-ग्रीस आणि रबराजवळ दाबाखालचा ऑक्सिजन आग लावतो. घरगुती गॅसबद्दल तर बोलायलाच नको.

थारवाला_हिंगणा

खूप आभार सगळ्यांचे. अग्निशामक रद्द. हिवाळ्यापुरती सीओटू घेतली तर जागेवर भरताना क्रम काय ठेवायचा? आणि सीओटू टायरमध्ये तसाच राहू द्यायचा का?

काळीमाती_४बाय४

टाकी उभी करून बांधा. रेग्युलेटरचा नॉब पूर्ण सैल असताना टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा, चेहरा गेजसमोर नको. मग पूर्ण उघडा, अर्धवट ठेवलात तर व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून गॅस झिरपतो. आता नॉब फिरवत ८ बार करा. चक लावा, वीस-पंचवीस सेकंद भरा, काढून वेगळ्या गेजने मोजा. चालू प्रवाहात होजवरचा गेज जास्त दाखवतो, त्यावर विसंबू नका. एका टायरला पाऊण ते एक मिनिट लागेल. टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर बसायचं नाही, तुडवणीच्या (रस्त्याला टेकणाऱ्या) बाजूने बसायचं. वाळूत कडेची भिंत चिरली असेल तर ती भरताना फाटते, म्हणून भरण्याआधी चारही टायरवरून हात फिरवा. मणी (टायरची रिमवर बसणारी कडा) रिमवरून उतरला असेल तर गॅस घालू नका, आधी जॅकवर घेऊन वाळू झाडा.

शेवटी टाकीचा व्हॉल्व्ह बंद, होजमधला गॅस सोडा, मग नॉब सैल.

चार टायरमागे टाकी काही अंशांनी थंड होते. सलग तिसऱ्या गाडीला रेग्युलेटरवर दव आणि मग पांढरं दिसेल. दहा मिनिटं थांबा. गरम पाणी ओतायचं नाही, बर्नर तर मुळीच नाही.

टायरमध्ये गेलेला गॅसही थंड असतो. ३२ भरून निघालात तर पंधरा-वीस मिनिटांनी एक-दोन पीएसआय चढलेले दिसतात, ते सोडू नका, घरी येऊन सकाळी थंड टायरवर मोजा. सीओटू रबरातून नायट्रोजनपेक्षा कितीतरी पटींनी लवकर झिरपतो, त्यामुळे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत टायर उतरतील आणि पंक्चर झालंय असं वाटेल. सगळा काढायची गरज नाही. आठवड्याने पंपावर साध्या हवेने टॉप-अप करा, पुन्हा पंधरा दिवसांनी एकदा.

जुनीजिप्सी_विदर्भ

एक गाडी आणि महिन्यातून एखादी फेरी असेल तर टाकीच्या आधी बॅटरीला थेट क्लिप लागणारा दोन सिलिंडरचा कंप्रेसर बघा. लायटरचं सॉकेट १०-१५ अँपियरवर थांबतं, म्हणून तुमचा पंप रडतो. थेट बॅटरीवरचा पंप मिनिटाला खरे ५०-६० लिटर देत असेल तर टायरला एक-दीड मिनिट. इंजिन चालू ठेवा, पंप बोनेटच्या उष्णतेत नको, सावलीत चटईवर ठेवा, दोन टायरनंतर पाच मिनिटं विश्रांती. खोक्यावर लिहिलेले लिटर बिनदाबाचे असतात, ३० पीएसआयला किती देतो तो आकडा दुकानदाराला विचारा. टाकी परवडते ती चार-पाच गाड्यांच्या ग्रुपला, किंवा जिथे एअर टूल चालवायचंय तिथे.

गॅसलाईन_कामठीरोड

बरोबर आहे. आणि टाकी घ्यायचीच असेल तर घेताना खांद्यावरची चाचणीची तारीख आणि रिकामं वजन या दोन्हींचा फोटो काढून ठेवा. रंग मारताना हे आकडे बुजतात आणि मग फिलर हात लावत नाही.