तेलाच्या जुन्या रिगवर डायव्हिंग: ठाण्यात बसून तयारी काय करावी?

ऐरोलीकर
ओपन वॉटरचं (डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं) कार्ड आहे, एकूण १४ डाइव्ह, तारकर्ली आणि नेत्राणी मिळून. निवृत्त रिगचं जिथे रीफ (माशांसाठी कृत्रिम खडक) केलंय तिथे जायचंय. मुंबई हायचं तेल इथे उरणलाच येतं, मग तिथेच का जाता येत नाही? आहे त्या कार्डावर काम भागेल का? आणि ठाणे-नवी मुंबईच्या तरणतलावात काय घोटून घ्यावं?

खाडीपल्याड
मुंबई हाय विसरा. १९७४ मध्ये तेल लागलं ते क्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर आहे, पाणी ७५ मीटरच्या आसपास आणि उत्पादन अजून चालू. तेलफलाटाभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो, हौशी होडीला तिथे मज्जाव.

रिगचं रीफ म्हणजे मुख्यतः अमेरिकेकडचं मेक्सिकोचं आखात. १९८४ च्या कायद्यानंतर लुइझियाना आणि टेक्सासने कार्यक्रम आखले, आजवर ५०० हून जास्त सांगाडे तसे ठेवलेत. विहिरी सिमेंटने बुजवतात, वरचा मजला उतरवतात. खालचा पोलादी सांगाडा, ज्याला तिकडे जॅकेट म्हणतात (आपलं बीसीडी, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट, ते नव्हे), एकतर जागीच आडवा करतात, नाहीतर ओढत दुसरीकडे नेतात, किंवा वरचा भाग कापून बाकीचा उभा ठेवतात. जहाजं सुखरूप जावीत म्हणून माथ्यावर बहुधा २६ मीटर पाणी सोडलेलं असतं. म्हणजे रीफ सुरूच होतं २६ ला. तुमचं कार्ड १८ मीटरचं. किमान त्यापुढचं ॲडव्हान्स्ड हवं, ते ३० पर्यंत. ४० पर्यंत जायचं तर डीप स्पेशालिटी (खोल पाण्याचा खास कोर्स). कार्ड असूनही वरच्या थोड्याच मीटरांत फिरता येतं, हे आधीच ध्यानात घ्या.

बारचा_हिशेब
कार्डापेक्षा हवेचा हिशेब आधी. नेहमीचा ॲल्युमिनियम सिलिंडर ११.१ लिटरचा, २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) सुमारे २,२२० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर खपत असेल तर ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे ८० लिटर.

आता परतीची राखीव हवा. जोडीदाराची संपली, दोघेही घाबरलेले, प्रत्येकी ३० धरा, मिळून ६०. तळाशी १ मिनिट सावरायला २४० लिटर. ९ मीटर प्रतिमिनिट वेगाने वर यायला साडेतीन मिनिटं, सरासरी दाब अडीच, म्हणजे ५२५. ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा, २७०. बेरीज १,०३५ लिटर, भागिले ११.१ म्हणजे ९३ बार. गेज १०० दाखवताच माघारी फिरायचं. उरलेल्या १०० बारमध्ये ३० मीटरवर जेमतेम १४ मिनिटं मिळतात, त्यातूनही उतरतानाची हवा वजा करा. ‘५० बारला वर या’ हा नियम इथे घात करतो.

स्वतःची खपत मोजायला सूत्र सोपं: घटलेले बार × सिलिंडरचे लिटर ÷ (मिनिटं × सरासरी दाब). १० मीटरवर २० मिनिटांत ६० बार गेले तर ६६६ ÷ ४०, म्हणजे १६.६.

नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजनची हवा) घ्याल तर ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या मर्यादेत ३३ मीटरच्या खाली जाऊ नका. नायट्रॉक्सने तळाची वेळ वाढते, हवा नाही.

शिसं_कमी_करा
रिगवर खरी पंचाईत वेगळीच. पायाखाली तळ नाही. खडकावर बुडालात तर वाळूवर टेकता. इथे मासे बघत आडव्या नळीवरून घसरलात की खाली अंधार, आणि कान दुखेपर्यंत कळतही नाही. नजर दर मिनिटाला डाइव्ह कॉम्प्युटरवर, तो खोली दाखवतो.

तलावात हे करा: ३ मीटरवर भिंत, तळ, दोरी कशालाही न शिवता ५ मिनिटं तरंगत राहा. मग तसंच राहून मास्क काढून घाला. मग तसंच तरंगत डीएसएमबी (पाण्याखालून वर सोडायचा खुणेचा फुगा) सोडा. रील हातात, अंगाला कधीही क्लिप नाही, कारण दोर अडकला तर तो फुगा तुम्हालाच वर ओढून नेतो. सांगाड्याच्या आत सोडलात तर आडव्या नळ्यांत गुंतणार हे गृहीत धरा.

सिलिंडर रिकामा होता होता सुमारे अडीच-पावणेतीन किलोने हलका होतो. म्हणून शिशाच्या वजनाची चाचणी ५० बार उरलेले असताना घ्या: बीसीडी रिकामं, ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. तलावातलं वजन समुद्रात पुरत नाही, खारं पाणी जास्त उचलतं. दोन-तीन किलो वाढवून तिथे पुन्हा तपासा.

हातमोजे घ्या, नळ्यांवरची शिंपलं ब्लेडसारखी कापतात. आणि लाइन कटर. गळ टाकणाऱ्यांची तुटलेली तंगूस नळ्यांना गुंडाळलेली असते, पाण्यात दिसत नाही. कटर दोन्ही हातांनी काढता येईल असा, छातीपाशी.

उभ्या रिगवर अनेकदा होडी बांधलेली नसते. प्रवाहाच्या वरच्या बाजूला उडी, बीसीडी आधीच रिकामं. रिग हुकून पुढे वाहिलात तर पाठलाग नको, वर या. निघताना प्रवाहाच्या खालच्या बाजूने बाहेर पडा, म्हणजे पाणी तुम्हाला लोखंडावर आपटणार नाही.

ऐरोलीकर
मग सुरुवातीला सोपं काही?

खाडीपल्याड
मलेशियात साबाहला माबुल बेटाजवळ जुन्या रिगचं मुक्कामाचं डायव्हिंग ठिकाण केलंय. लिफ्टने पाण्यात उतरवतात, खाली तळ १८ मीटरच्या आत. तुमच्या कार्डात बसतं. फक्त शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमान नाही, तवाउहून परतीचं तिकीट तसं काढा.