गडावर मुक्कामाला सॅक किती भरायची? माझी सव्वासहा किलो

कमी_सामान:
परवा ग्रुपमध्ये यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे टाकतोय. डिसेंबरात आम्ही नऊ जण हरिश्चंद्रगडाला गेलो, खिरेश्वरवरून. खुबी फाट्याला एसटीतून उतरून धरणाच्या भिंतीवरनं चालायला लागलो तर तिथेच निम्म्या लोकांचे पट्टे खांद्यात रुतायला लागले, टोलार खिंड तर अजून लांबच होती. एकाने घडीची खुर्ची आणलेली. खुर्ची! कोकणकड्यावर बसायला म्हणे. खिंडीच्या वरच्या रेलिंगच्या टप्प्यात ती खडकात अडकली आणि मागची सगळी लाइन पंधरा मिनिटं ठप्प. पुढे त्या सात टेकड्या, एक संपली की दुसरी, तिथे जड सॅकवाले दर वळणावर बसायचे आणि मी पुढे जाऊन त्यांची वाट बघत बसायचो.
माझा हिशोब ग्रॅममध्ये: सॅक 900, स्लीपिंग बॅग 1100, मॅट 300, जर्किन 500, बदलायचे कपडे 300, हेडटॉर्च आणि पॉवरबँक 350, प्लास्टिकचा कागद 300, खाऊ 500 आणि पाणी 2 लिटर. बेरीज 6250. काही अडलं नाही. रात्री गडावरच्या झोपडीत पिठलं-भाकरी खाल्ली, झोपलो. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे लोक 'असू दे, लागेल' म्हणून भरतात आणि जे लागेल म्हणून नेतात ते नव्वद टक्के न उघडताच परत येतं.

टोपवाहक:
यादी नीट वाचली दादा. यात टोप कुठंय? औषधांची पिशवी कुठंय? सकाळचा चहा ओंजळीत केलात का?
राग मानू नका पण असे हलके गडी मी बरेच पाहिलेत. अलंग-मदन-कुलंगला, म्हणजे दोर लावून चढायच्या गडांवर, आमच्यात एक होता, आंबेवाडीतनं निघतानाच सगळ्यांच्या सॅक उचलून बघत होता आणि हसत होता. आता 100 फूट दोरच दोन किलोच्या आसपास जातो, त्यावर हार्नेस (कमरेचे पट्टे), कॅराबिनर (दोराच्या कड्या), ते काय आपोआप चालत वर येतात का, कुणीतरी वाहतंच ना. रात्री अलंगच्या गुहेत वारा घुसायला लागल्यावर या साहेबांकडे फक्त एक शाल. मग माझं जर्किन त्याला आणि मी सॅकमध्ये पाय घालून सकाळपर्यंत कुडकुडतोय. वर सकाळी म्हणतो, बघ, माझं भागलं ना!

सातासमुद्रापार:
मी सध्या अमेरिकेत आहे, इकडे या हलक्या सामानाचा एक पंथच आहे. खाणं, पाणी आणि इंधन सोडून बाकी सगळं 10 पौंडांच्या आत, म्हणजे साधारण साडेचार किलो, तर ते अल्ट्रालाइट. त्या हिशोबाने धागाकर्त्यांची सॅक पावणेचार भरते, चक्क पास. लोक टूथब्रशचा दांडा कापतात हो, थट्टा नाही. आणि एमा गेटवूड नावाच्या आजीबाई होत्या, 1955 साली वयाच्या 67 व्या वर्षी एकटीने अख्खी अ‍ॅपलाशियन ट्रेल चालल्या, तीन हजार किलोमीटरच्या वर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, घरी शिवलेली एक झोळी, त्यात एक ब्लँकेट, रेनकोट आणि पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा, पायात कॅनव्हासचे बूट. आता बोला.

टोपवाहक:
बोलतो की. त्या आजी कित्येक रात्री वाटेतल्या लोकांच्या घरी झोपल्या, त्यांच्याकडे जेवल्या, हे पण सांगा. आजींना माझा दंडवतच आहे पण पांघरूण कुणाचं तरी होतंच ना.

एक_आई_एक_तंबू:
तुम्हा लोकांचं सगळं गडावरच चालू असतं. आम्ही सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पवनेच्या काठी जातो, गाडी तंबूपर्यंत जाते, मी उशीसुद्धा नेते आणि मला अजिबात लाज नाही. पोरगं रात्री दोनला चिखलात पडलं की तिसरी पँट लागते, तिथे ग्रॅमचा हिशोब काय कामाचा. आणि दोन दिवस एकाच टीशर्टात काढायचे हे पुरुषांनी सांगणं सोपं आहे हो, पाळीच्या तारखा जवळ असल्या की माझ्या सॅकमध्ये एक वेगळी पिशवी असते आणि वापरलेलं सगळं परत खाली आणायचं तर अजून एक. ते वजन कुणाच्याच यादीत नसतं.

कमी_सामान:
ताई, हे मान्य. गाडी असेल तर न्या काय न्यायचं ते, माझा वाद पाठीवरच्या वजनाचा आहे. आणि टोपवाहक, चहाचं पातेलं होतं आमच्यात, मित्राच्या सॅकमध्ये होतं.

टोपवाहक:
हां! आलं बाहेर.

घोंगडीवाले_काका:
आमच्या वेळी, म्हणजे 84-85 ची गोष्ट, हलकी सॅक असा प्रकारच नव्हता. खाकी हॅवरसॅक, घोंगडी (भिजली की दुप्पट जड), आणि रॉकेलचा स्टोव्ह. एकदा रॉकेल सॅकमध्ये सांडलं आणि साखरेला लागलं, दोन दिवस सगळ्यांनी तो चहा नाक दाबून प्यायला, टाकून देणार कुठे. पण एक शिस्त होती. कल्याण स्टँडवर गाडी यायच्या आधी सगळ्या सॅक उघडायच्या, तांदूळ, डाळ, टोप, स्टोव्ह, औषधं फलाटावर मांडायची आणि वाटून घ्यायची, दणकट त्याला जास्त, बारीक त्याला कमी. स्वतःचं काय ते ज्याने त्याने ठरवावं, खुर्ची आणा नाहीतर चड्डीवर या. सामाईक सामानाला मात्र नाही म्हणायची सोय नव्हती. हल्ली सगळे थेट फाट्यावर भेटतात, ती वाटणीच होत नाही, म्हणून ही भांडणं.

गडाच्या_पायथ्याचा:
एक राहिलंच. ते पिठलं-भाकरी गडावर उगवत नाही. पीठ, गॅसची टाकी, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, भाड्याचे तंबू, सगळं पायथ्याच्या पाचनईची माणसं डोक्याखांद्यावर चढवतात. तुमची सव्वासहा किलो झाली कारण बाकीचं आधीच कुणीतरी वर नेऊन ठेवलंय. आमचा धंदा आहे, या, जेवा, पैसे द्या, आनंदच आहे. फक्त घासाघीस करताना ते वजन डोळ्यासमोर ठेवा. आणि बाटल्या खाली न्या, रिकामी बाटली तर हलकी असते ना? तीच नेमकी वर राहते. दुसरं म्हणजे स्टोव्हचं वजन वाचवायला चूल पेटवणारे पण येतात, अभयारण्य आहे ते, सरपण तोडायचं नसतं.

कमी_सामान:
दादा, पैसे पूर्ण दिले आणि बाटल्या खाली आणल्या, देवाशपथ. पण मुद्दा लागला मला, तेवढं वजन मी धरलंच नव्हतं. तरी सांगतो, गुडघ्याचं दुखणं आहे मला, 15 किलो घेऊन उतरलो असतो तर दोघांना मलाच धरून आणावं लागलं असतं, ते पण ओझंच की. आणि नव्या लोकांनी पहिल्या ट्रेकला दुकानातून सगळं विकत घेऊन यायची काहीच गरज नाही, यावर मी ठाम आहे.

टोपवाहक:
गुडघ्याचं आधी सांगायचं ना राव. मग दोर नको, औषधांची पिशवी घ्या, अर्धा किलो पण नाही.

खुर्चीवाला:
तो खुर्चीवाला मीच. साडेतीन किलो, माझी मी वाहिली, कुणाला हात लावू दिला नाही. लाइन अडली त्याबद्दल सॉरी. बाकी कोकणकड्यावर सूर्यास्ताला त्या खुर्चीत कोण पाय पसरून बसलं होतं त्याचा फोटो टाकू का इथे?

कमी_सामान:
दोनच मिनिटं बसलो होतो, तूच आग्रह केलास. बरं ते जाऊ दे, जानेवारीत रतनगड ठरतोय, यावेळी पातेलं आणि औषधं माझ्याकडे, मोजून सांगतो किती भरतं ते. शिड्या आहेत, खुर्ची घरी ठेव. आणि डाव कोण आणणार ते आत्ताच बोला, मागच्या वेळी चहा हेडटॉर्चच्या उजेडात काटकीने ढवळला होता.