शुगर आणि बधिर तळपाय: कोल्हापुरी चप्पल चालेल का?

रंकाळाकाठ: आबांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. तळपाय बधिर, रात्री जळजळ. नवी कोल्हापुरी घासली तरी त्यांना कळत नाही. चालेल का? आणि साखरेऐवजी गूळ?

पायतपास: नवी करकरीत तर अजिबात नको. वाढलेल्या साखरेनं नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. अंगठ्याचा पट्टा कातडं सोलतो, दुखत नाही. रक्त कमी पोचतं म्हणून जखम चिघळते. मऊ तळाचे, पुढून रुंद बूट घ्या, तेही संध्याकाळी, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. रोज रात्री आरशात तळवे बघा, बेचक्याही. क्रीम लावा, पण बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडनं कापणं बंद!

औषधवाला: मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ तपासा, त्याच्या कमतरतेनंही बधिरता येते. डॉक्टरांकडून १० ग्रॅम मोनोफिलामेंटची चाचणी करून घ्या, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघतात. अंबाबाईच्या देवळात भर उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी नको. भाजलेलं कळणार नाही. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, आपल्याकडचा असला तरी.

पायतपास: फोड, पू, काळपट डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. हळद लावून वाट बघू नका.