बी.ए. (इतिहास) नंतर बी.एड. आणि एमपीएससी सोडून काय करता येते?

कृष्णाकाठ : मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्यांना दोनच वाटा ठाऊक आहेत : बी.एड. करून शिक्षकभरतीची वाट पाहायची, नाहीतर पुण्यात खोली घेऊन एमपीएससीच्या मागे लागायचे. माझ्या आधी या वाटांनी गेलेली बरीच मुले अजून वाटेतच आहेत. कला शाखेतून कोणी भलत्याच कामात स्थिरावले असल्यास तिथे कसे पोचले, हे सविस्तर सांगावे. ‘बी.ए.ला स्कोप नाही’ हे मामांनी सांगून झाले आहे.

बोरूबहाद्दर : मी गेली काही वर्षे मोडी लिप्यंतराच्या, म्हणजे मोडी लिपीतला जुना मजकूर देवनागरीत आणण्याच्या, कामावर घर चालवतो. पदवीनंतर पुराभिलेख संचालनालयाच्या (जुनी सरकारी दप्तरे सांभाळणाऱ्या खात्याच्या) मोडी प्रशिक्षण वर्गाला गेलो, तो केवळ हौस म्हणून. वर्गात मुळाक्षरे आणि बाराखडी कळते. वाचन मात्र पुढे शेकडो कागद नजरेखालून घातल्यावरच येते, कारण मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातात, शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. इतिहासाची पदवी कामी येते ती इथे. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे साल आले, तर अक्षरे लागूनही बोध होत नाही. एक, साठ, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी अंकनावांची कालगणना) ११६१ होते, त्यात ६०० मिळवले की पानिपताचे १७६१ हाती येते. मात्र हे साल मृगाला बदलत असल्याने कागद मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ५९९च मिळवावे लागतात. कालगणना ठाऊक नसलेला माणूस अशा वेळी सरळ एका वर्षाने चुकतो.

काम मुख्यतः जमिनीच्या जुन्या दस्तांचे, वाटणीपत्रांचे आणि वकिलांकडून येणाऱ्या कागदांचे असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकांतील (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांतील) मोडी नोंदी वाचायला माणसे पुरेनात. ज्या नातेवाइकांनी मला ‘हे कसले खूळ’ म्हणून हिणवले होते, तेच पणजोबांची जन्मनोंद वाचून घ्यायला दारात उभे राहिले. (पैसे अर्थातच कोणी विचारले नाहीत.)

तळटीप : बोरूबहाद्दर यांचा प्रतिसाद खरा आहे, पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. मीही मोडी वाचते. शोधमोहिमेच्या दिवसांत फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. पुढे महिनोन्‌महिने एकही कागद आला नाही. शिवाय एका कार्यालयाने माझे मानदेयाचे बिल आठ महिने अडकवून ठेवले होते. म्हणून मी इंग्रजीतून मराठीत न्यायालयीन कागदपत्रांचा अनुवाद करायला शिकले आणि आज माझी नियमित मिळकत त्यातूनच आहे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश टेबलावर कायम उघडा असतो. खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपातून वगळणे आणि पूर्ण सुनावणीनंतर निर्दोष सोडणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी बेसावधपणे एकच शब्द वापरला गेला, तर वकील पान परत पाठवतो आणि ते योग्यच असते. बी.ए.ला इंग्रजी आणि मराठी दोन्ही नीट वाचली असतील, तर या कामाचा पाया तयार आहे असे समजा. टंकलेखन मात्र युनिकोडमध्येच शिका.

कृष्णाकाठ : दोघांचेही आभार. आमच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळचा कागदांचा एक रुमाल आहे. आजीने तो कधी सोडू दिला नाही; काल मात्र तिनेच गाठ सोडून दिली. आत मोडीतील वीसेक कागद आहेत. एखाद्याचे छायाचित्र इथे टाकू का?

बोरूबहाद्दर : जरूर टाका. कागद उन्हात काढू नका, घड्या हाताने दाबून सपाट करू नका आणि त्या फाटल्या असतील तर चिकटपट्टी मुळीच लावू नका. त्याआधी बाराखडी शेजारी ठेवून पहिल्या दोन ओळी जशा लागतील तशा तुम्हीच वाचून इथे लिहा. चुकलेली अक्षरे आम्ही दाखवून देऊ.