नकार कोणाचा?

प्रत्येक संस्कृतीला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, म्हणून ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेतील प्राइम डायरेक्टिव्ह, म्हणजे कमी प्रगत परग्रही संस्कृतींत हस्तक्षेप न करण्याचा नियम, नैतिकच आहे, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. २००४च्या त्सुनामीनंतर पाहणीसाठी गेलेल्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवर अंदमानातील, बाहेरच्यांशी संपर्क नाकारणाऱ्या उत्तर सेंटिनेल बेटावरील माणसाने बाण रोखला, तेव्हा नकार बेटाकडून आला होता. मालिकेत मात्र तो यानातूनच ठरतो, कारण समोरच्याला विचारणे हाच हस्तक्षेप मानला जातो. (सात बेटे भराव घालून जोडलेल्या मुंबईत बसून मी बेटाच्या एकांताची बाजू घेतो आहे, ही गंमत आहेच.) १९९४च्या ‘होमवर्ड’ या भागात ग्रहाचे वातावरण नष्ट होत असताना यानाचा कप्तान पिकार्ड नियमावर अडून राहतो आणि त्याच्या हाताखालील अधिकारी वर्फ याचा मानलेला भाऊ गुपचूप एक गाव वाचवतो; तिथे मी निःसंकोच त्या भावाच्या बाजूने आहे.